पाळीबदलाची पंधरा मिनिटे परत द्या : व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक, मनुष्यबळ विभागप्रमुख
आणि कामाच्या वेळेचे नियोजन करणारे सर्व अधिकारी यांस

विषय : कामाच्या जागेवरील प्रघात बंद करणारे परिपत्रक मागे घेण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

अनुत्पादक वेळ कमी करण्याविषयीचे आपले परिपत्रक सूचनाफलकावर लागले आणि त्याच आठवड्यापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. दोन पाळ्यांच्या मध्ये जाणारे आणि येणारे कामगार यंत्रांपाशी एकत्र असत, तो पंधरा मिनिटांचा सामाईक वेळ या परिपत्रकाने रद्द केला. जाणाऱ्याने आपल्या नोंदी संगणकावर भरायच्या आणि येणाऱ्याने त्या वाचून काम सुरू करायचे, असे आता ठरले आहे. पाळीच्या सुरुवातीला उभ्याने होणाऱ्या टूलबॉक्स टॉकची, म्हणजे सुरक्षिततेविषयीच्या छोट्या बोलण्याची, जागा ध्वनिक्षेपकावरून वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित सूचनांनी घेतली. मोठ्या बिघाडानंतरचा एकत्रित आढावा, नव्या शिकाऊ कामगाराला विभागभर फिरवून त्याची ओळख करून देण्याची रीत, निवृत्त होणाऱ्याचा निरोप, सहकारी गेल्यावर यंत्रे थांबवून पाळले जाणारे दोन मिनिटांचे मौन, हे सारे 'अनौपचारिक मेळावे' या एका शीर्षकाखाली गोळा करून बंद करण्यात आले.

मी याच कारखान्यात शिकाऊ म्हणून आले, प्रेस (दाबयंत्र) विभागात ऑपरेटर झाले आणि आज त्याच विभागाची पाळीप्रमुख आहे. ज्या प्रघातांना आपण वेळेचा अपव्यय म्हणता, त्यांनीच मला काम शिकवले आणि त्यांच्याच भरवशावर मी रोज माझ्या पाळीतल्या माणसांची सुरक्षितता माझ्या सहीखाली घेते. त्यामुळे या निर्णयावर गप्प बसणे मला शक्य नाही. विभागप्रमुखांमार्फत दिलेल्या अर्जाला उत्तर आले नाही आणि असेच निर्णय रुग्णालयांत, गोदामांत, कार्यालयांत घेतले जात आहेत, म्हणून हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे.

आपला हिशेब मला समजतो. पंधरा मिनिटांना माणसांच्या संख्येने गुणले, त्याला कामाच्या दिवसांनी गुणले, की वर्षाकाठी हजारो तास निघतात आणि कागदावर ते डोळ्यांत भरतात. त्या गुणाकारात चूक नाही. पण त्या वहीत खर्चाची बाजू पूर्ण भरलेली आहे आणि जमेची बाजू कोरी सोडलेली आहे. त्या वेळात काय घडत होते, हे पाहण्यासाठी परिपत्रक निघण्यापूर्वी कोणीही विभागात येऊन उभे राहिले नाही.

काय घडत होते, ते सांगते. पाळी संपत आली की जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला आपल्या यंत्रापाशी नेतो. सुरुवात नेहमी उजव्या हाताने. सुरक्षाजाळी, आपत्कालीन बटण, तेलाचा दाब, पाइपांचे सांधे, साचा, शेवटी भंगाराची पेटी, हा क्रम कोणी बदलत नाही. प्रत्येक भागाला हात लावून तो त्याची स्थिती मोठ्याने सांगतो आणि येणारा तेच आपल्या शब्दांत परत सांगतो. "डावा सांधा सकाळपासून पाझरतोय, दोनदा आवळलाय, तिसऱ्यांदा आवळू नको, फिटरला बोलाव." येणाऱ्याने हे उच्चारले, की मगच दोघे वहीत सही करतात. "घेतलं?" असे जाणारा विचारतो. "घेतलं," असे येणारा म्हणतो. त्यानंतर जाणारा हातमोजे काढतो, त्याआधी नाही. नव्या माणसाला हे सारे वाजवीपेक्षा गंभीर वाटते, आणि ते तसे असायलाच हवे, कारण त्या एका शब्दाबरोबर शेकडो टनांच्या दाबाची जबाबदारी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते आणि ती गेली हे चारचौघे पाहतात.

सवय आणि प्रघात यांत फरक इथेच पडतो. सवयीचे काम माणूस एकटा, मन दुसरीकडे असतानाही उरकतो. प्रघात ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने, दुसऱ्याच्या देखत होतो, आणि म्हणून तो मनाला खेचून जागेवर आणतो. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून केलेले निरीक्षण प्रसिद्ध आहे. तिथले कोळी खाजणाच्या शांत पाण्यात मासे धरायला जाताना कोणताही विधी करत नसत, खुल्या समुद्रात जाताना मात्र सविस्तर विधी करत. जिथे धोका आहे आणि निकाल हातात नाही, तिथेच विधी गोळा होतात. आमच्या विभागातही साधा नटबोल्ट आवळताना कोणी काही रीत पाळत नाही. प्रघात आहेत ते यंत्र हातात घेताना, साचा बदलून पहिला तुकडा काढताना, मोठा बिघाड झाल्यावर, माणूस येताना आणि जाताना. कोणी बसून आखणी केलेली नसतानाही ते नेमक्या नाजूक जागी उभे राहिलेले आहेत, आणि तेच आपण काढून टाकले.

माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार पाळीबदलाविषयी आहे, आणि ती मी जरा विस्ताराने मांडणार आहे.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर स्फोट आणि आग होऊन १६७ माणसे मेली. एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह त्या दिवशी तपासणीसाठी काढलेला होता आणि त्या जागी तात्पुरती चकती बसवलेली होती. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा रात्रपाळीने हा पहिला पंप सुरू केला, कारण त्याचा व्हॉल्व्ह जागेवर नाही हे तिला माहीत नव्हते. न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीत कामाच्या परवान्यांच्या (कोणत्या यंत्रावर दुरुस्ती चालू आहे हे नोंदवणाऱ्या कागदांच्या) व्यवस्थेतले दोष आणि पाळीबदलाच्या वेळी न पोचलेली माहिती या दोन्ही गोष्टी पुढे आल्या. लेखी परवाना अस्तित्वात होता. ज्याला तो कळायला हवा होता, त्याला तो कळला नव्हता.

त्यानंतर सतरा वर्षांनी, २३ मार्च २००५ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक मनोरा सुरू करताना प्रमाणाबाहेर भरला गेला आणि झालेल्या स्फोटात १५ जण मृत्यू पावले, सुमारे १८० जखमी झाले. तिथल्या रात्रपाळीने दिवसपाळीसाठी मागे ठेवलेली लॉगबुकातली नोंद एका ओळीची होती. मनोरा किती भरला आहे, कुठपर्यंतचे काम झाले आहे आणि कुठून पुढे करायचे आहे, हे त्या ओळीतून समजण्याजोगे नव्हते. आपण आता आमच्याकडून मागता ती हीच ओळ आहे. फरक इतकाच, की ती आता वहीऐवजी पडद्यावर असते आणि भरणाऱ्याला दिलेल्या पाच पर्यायांपैकी एक निवडायचा असतो.

आमच्याकडे याचा अनुभव यायला वेळ लागला नाही. नवी पद्धत सुरू झाल्यानंतर एका प्रेसच्या पाइपाला तात्पुरती पट्टी बांधलेली होती. बांधणाऱ्याने संगणकावर 'चालू, दुरुस्ती प्रलंबित' असे नोंदवले आणि तो वेळेवर बाहेर पडला, जसे आपल्या परिपत्रकाने सांगितले होते. येणाऱ्याने नोंद वाचली, पण कोणती दुरुस्ती आणि कुठली, हे त्या पर्यायात लिहिण्याची सोयच नव्हती. त्याने पूर्ण दाबावर यंत्र चालवले, पट्टी सुटली आणि गरम तेल फरशीवर आले. तो त्या क्षणी साच्याच्या दुसऱ्या बाजूला होता म्हणून भाजला नाही. अहवालात कारण म्हणून 'ऑपरेटरचे दुर्लक्ष' असे लिहिले गेले. तो ऑपरेटर माझ्या पाळीतला आहे, आणि त्याच्या नावापुढचे हे शब्द खोडले जावेत अशी माझी या पत्रातून जाहीर विनंती आहे. हात लावून, उच्चारून, समोरासमोर होणाऱ्या बदलात ती पट्टी चौथ्या क्रमांकाला, सांध्यांपाशी, दोघांच्या बोटाखाली आली असती.

वेळेचा मुद्दाही इथेच निकाली निघतो. उत्तर अमेरिकेतील नऊ रुग्णालयांत डॉक्टरांच्या पाळीबदलाला ठरीव क्रम देण्यात आला आणि ऐकणाऱ्याने सगळे आपल्या शब्दांत परत सांगायचे, हे त्या क्रमाचे शेवटचे पाऊल ठेवण्यात आले. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले. दर रुग्णामागे लागणारा वेळ आधी २.४ मिनिटे होता, नंतर २.५ मिनिटे झाला, म्हणजे जवळपास तेवढाच राहिला. जपानी रेल्वेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तिथल्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगात काहीही न करता १०० कृतींमागे २.३८ चुका होत होत्या, बोट आणि उच्चार दोन्ही केल्यावर ०.३८ झाल्या. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील गार्ड १९९६पासून फलाटावर गाडी थांबली की गाडी नेमक्या जागी थांबल्याची खूण असलेल्या समोरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवतात आणि मगच दारे उघडतात. पाहणाऱ्याला हे नाटकी वाटते. प्रवाशांना त्यातून काय मिळते, ते चुकीच्या ठिकाणी दार उघडले तर कळेल.

दुसरी तक्रार टूलबॉक्स टॉकची. ध्वनिक्षेपकावरचा आवाज शुद्ध आहे, सूचना बरोबर आहेत, आणि त्या कोणी ऐकत नाही. जुन्या टॉकमध्ये आम्ही अर्धवर्तुळात उभे राहत असू, दरवेळी वेगळा कामगार बोलत असे आणि त्या दिवशी कोण कुठे आहे हे प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचे असे. यात नाव उच्चारणे महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी आणली, तिच्यात पहिला छेद घेण्यापूर्वी सगळ्यांनी थांबून आपले नाव आणि आपले काम सांगायचे असे एक कलम मुद्दाम ठेवलेले आहे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. ज्या माणसाने सुरुवातीला स्वतःचे नाव मोठ्याने सांगितलेले असते, तो पुढे काही चुकते आहे असे दिसल्यावर तोंड उघडतो. एकदाही न बोललेला शिकाऊ धोका दिसला तरी गप्प राहतो. मी स्वतः शिकाऊ असताना पहिल्यांदा बोलले ते याच अर्धवर्तुळात.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या बाजूने मांडली जाईल. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात हीच यादी १०१ रुग्णालयांत लागू झाली आणि २०१४ साली आलेल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये म्हणण्याजोगी घट दिसली नाही. मी त्यातून असा अर्थ काढते, की वरून लादलेली आणि टिक मारण्यापुरती उरलेली कृती माणसांना वाचवत नाही. तसे असेल तर यंत्रापाशी माणसांनी जिवंत ठेवलेला प्रघात बंद करून त्याच्या जागी पडद्यावरची टिक आणणे, हा नेमका उलटा प्रवास आहे.

बिघाडानंतरच्या आढाव्याबद्दल थोडक्यात लिहिते. स्कॉट टॅनेनबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी २०१३ साली अशा आढाव्यांवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. आढावा नीट घेतला तर कामगिरी सुमारे २० ते २५ टक्के सुधारते आणि एका आढाव्याला सरासरी १८ मिनिटे लागतात, असे त्यांना आढळले. आमचा आढावा त्याहून लांबत असे, हे खरे आहे, आणि तो आटोपशीर करण्याची सूचना आली असती तर आम्ही ती मान्य केली असती.

आता ज्या गोष्टींचे मोजमाप अवघड आहे, त्यांच्याकडे येते. तिथे आपल्या परिपत्रकाने केलेली हानी मला जास्त सलते.

आमच्या विभागातील एक ज्येष्ठ फिटर परिपत्रकानंतर निवृत्त झाले. आमच्यातल्या निम्म्या लोकांना मायक्रोमीटर धरायला त्यांनी शिकवले आहे. शेवटच्या दिवशी त्यांनी अवजारांची पेटी भांडारात जमा केली, पोचपावती घेतली, ओळखपत्र खिडकीत दिले. फाटकाशी पोचले तेव्हा ओळखपत्राशिवाय बाहेर पडण्याची नोंद होत नव्हती, म्हणून त्यांना पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये सही करून बाहेर जावे लागले. आम्ही सगळे त्या वेळी यंत्रांवर होतो. पूर्वीच्या रीतीने विभागातले सगळे पंधरा मिनिटे जमले असते, त्यांनी आपली एक पाना किंवा गेज आपल्या हाताने एखाद्या धाकट्या कामगाराकडे दिली असती, दोन शब्द बोलले असते आणि पाळीतले लोक फाटकापर्यंत बरोबर गेले असते.

फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ साली दाखवून दिले, की एका अवस्थेतून दुसरीत जाताना माणसे सगळीकडे तीन पायऱ्या ओलांडतात. आधी जुन्यापासून वेगळे होणे, मग मधली अधांतरी अवस्था, मग नव्यात स्वीकारले जाणे. ज्याला निरोप मिळत नाही, तो त्या मधल्या पायरीवर लटकत राहतो. जे मागे राहतात त्यांचेही तेच होते, कारण आपल्यालाही एक दिवस असेच जायचे आहे, हे ते पाहत असतात. स्टॅन्ली हॅरिस आणि रॉबर्ट सटन यांनी तर बंद पडणाऱ्या संस्थांमधल्या निरोप-समारंभांचा अभ्यास करून १९८६ साली लिहिले, की संस्थाच संपत असतानाही माणसे एकत्र जमतात आणि त्या जमण्यातून त्यांना झालेला बदल पचवता येतो. चालत्या कारखान्याला त्यासाठी वेळ नसावा, हे मला कळत नाही.

मौनाबद्दलही हेच. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स या परिचारकांनी एक साधी पद्धत सुरू केली. रुग्ण दगावला की उपचार करणाऱ्या सगळ्यांनी जागीच थांबायचे, गेलेल्या माणसासाठी आणि त्याला वाचवण्यासाठी झटलेल्यांसाठी सुमारे मिनिटभर शांत राहायचे आणि मग पुढच्या रुग्णाकडे वळायचे. इतरत्रही रुग्णालयांनी ती उचलली. अत्यवस्थ रुग्णांच्या कक्षाला जे मिनिट परवडते, ते प्रेस विभागाला परवडत नाही, हे म्हणणे मी मान्य करू शकत नाही.

आणि रोजच्या गप्पा, चेष्टा, ठरलेल्या वेळची थट्टा, ज्यांना परिपत्रकात 'कामातील व्यत्यय' म्हटले आहे, त्यांच्याविषयी डॉनल्ड रॉय या समाजशास्त्रज्ञांचे काम आपण आवर्जून वाचावे. ते एका कारखान्यात ठोकयंत्रावर कामगार म्हणून राबले आणि १९५९-६० साली त्यांनी तो अनुभव प्रसिद्ध केला. दिवसभर एकच हालचाल करण्याच्या त्या कामाने ते इतके कंटाळले, की सोडून जाण्याच्या विचारात होते. मग त्यांच्या लक्षात आले, की सोबतच्या दोघा-तिघांनी दिवसाचे तुकडे पाडलेले आहेत. एका कामगाराच्या डब्यात रोज एक केळे असे. दुसरा ते रोज चोरून, आरोळी ठोकून, सगळ्यांसमोर खाऊन टाके, पहिला रोज निषेध करी, तिसरा रोज निषेध करणाऱ्यालाच झापे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळे डब्यात येई. बाहेरच्याला हा पोरकटपणा वाटेल. पण केळे आणणाऱ्याने आणणे थांबवले नाही, यातच त्याचे उत्तर आहे. अशा ठरलेल्या प्रसंगांनी न संपणारा दिवस संपण्याजोगा होत होता. पुढे एका बोचऱ्या चेष्टेवरून भांडण झाले, बोलणे थांबले, सगळे प्रसंग बंद पडले, आणि रॉय लिहितात की त्या दिवसांत त्यांचा थकवा परत आला. यंत्र तेच होते आणि कामाचे तासही तेच होते. आमच्या विभागात गेल्या काही आठवड्यांत रजेचे अर्ज वाढले आहेत आणि लोक पाळी संपताच न बोलता निघून जातात. याची आकडेवारी आपल्याकडे आहे, माझ्याकडे नाही. ती आपण पाहावी.

परिपत्रकाच्या शेवटी दर तिमाहीला एक 'सांघिक उत्साह दिन' जाहीर झाला आहे. त्यात खेळ असतील, घोषणा असतील आणि उपस्थिती सक्तीची असेल. या दिनामागचा हेतू चांगला असेल, पण तो आमच्या प्रघातांची भरपाई करू शकत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली सामूहिक भारावलेपणाविषयी लिहिले ते एकत्र येणाऱ्या माणसांच्या आपसांतील देवाणघेवाणीबद्दल होते. हजेरी घेऊन ते उभे करता येत नाही. ज्या कामाशी प्रघात जोडलेला आहे, त्या कामापासून तो तोडून मैदानावर नेला, तर करमणूक उरते.

सगळे जुने प्रघात चांगले होते, असे माझे म्हणणे नाही. नव्या शिकाऊ मुलांची टवाळी करण्याची, त्यांना अस्तित्वात नसलेले अवजार आणायला भांडारात पाठवण्याची एक रीत होती. ती आम्हीच बंद केली आणि ती परत येऊ नये. प्रघातांना दुसरी एक काळी बाजू आहे. निकोलस हॉब्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रयोगांतून दाखवले, की नवीनच शिकवलेल्या, अर्थहीन हालचालींचा विधी काही दिवस केलेली माणसे आपल्या गटावर अधिक आणि बाहेरच्यांवर कमी विश्वास ठेवू लागतात. आमच्या अर्धवर्तुळात कंत्राटी कामगार बाहेरच्या कडेला उभे राहत, ओळख करून देण्याची रीत त्यांच्या वाट्याला येत नसे. ही उणीव भरून काढायची तर त्यांना आत घ्यायला हवे. अर्धवर्तुळच मोडण्याने ती भरून निघत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

सदर परिपत्रक मागे घेऊन दोन पाळ्यांमधील पंधरा मिनिटांचा सामाईक वेळ पूर्ववत करावा आणि तो पगारी कामाचा वेळ म्हणूनच धरावा. यंत्राचा ताबा समोरासमोर, यंत्रापाशी, उच्चारून आणि दोघांच्या सहीनेच बदलावा. संगणकावरची नोंद त्याच्या जोडीला जरूर असावी, पण तीत मोकळा मजकूर लिहिण्याची जागा असावी.

टूलबॉक्स टॉक कामगारांच्या तोंडून व्हावा आणि त्यात कंत्राटी व शिकाऊ कामगारांची नावे व कामे त्यांनीच सांगावीत. बिघाडानंतरचा आढावा अर्ध्या तासाच्या मर्यादेत पुन्हा सुरू करावा, मात्र त्यात बोललेले कोणाच्याही मूल्यमापनात वापरले जाणार नाही, अशी लेखी हमी द्यावी.

स्वागत, निरोप आणि शोक यांसाठीचा वेळ प्रत्येक विभागाच्या स्वाधीन करावा. त्याचे स्वरूप मुख्य कार्यालयाने ठरवू नये. निवृत्त होणाऱ्याचे ओळखपत्र तो फाटकाबाहेर पडेपर्यंत चालू राहील, इतकी तांत्रिक दुरुस्ती तर आजच करता येईल.

यापुढे कोणताही प्रघात बंद करण्यापूर्वी तो पाळणाऱ्या कामगारांना विचारावे, आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने किमान एक पूर्ण पाळीबदल यंत्रापाशी उभे राहून पाहावा. सहा महिन्यांनी आम्ही आणि आपण मिळून फेरआढावा घ्यावा. एखादा प्रघात खरोखरच पोकळ झाल्याचे आढळले, तर तो सोडायला आमची हरकत असणार नाही.

या पत्राचे लेखी उत्तर पुढील तिमाही सुरू होण्यापूर्वी सूचनाफलकावर लावावे, ही विनंती. तोपर्यंत माझ्या पाळीतील सर्वांनी एकमताने ठरवल्याप्रमाणे आम्ही पंधरा मिनिटे आधी येऊन यंत्रांचा ताबा पूर्वीप्रमाणेच घेणार आहोत. तो वेळ आम्ही हजेरीपत्रकात रोज नोंदवू, आणि त्या नोंदी खोडल्या जाऊ नयेत, अशी आमची मागणी आहे.

आपली विश्वासू,
पाळीप्रमुख, प्रेस विभाग